किल्ला ठेवायचा की काढायचा

डेपो बंद झाला तेव्हा आत्याला चोपन्नावं लागलं होतं. एकतीस वर्षं तिने बसगाड्या सांभाळल्या होत्या. चालवल्या नव्हत्या, पण कोणती गाडी किती वाजता बाहेर पडणार, कोणती दुरुस्तीला थांबणार आणि कोणत्या ड्रायव्हरची तक्रार खरी, कोणाची कामचुकारपणाची, हे तिच्या एका सहीवर ठरायचं. मग ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकली, गाड्या इतरत्र वाटल्या आणि आत्या घरी बसली. पहिल्या महिन्यात तिने सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. तिसऱ्या महिन्यात ती शेजारणीच्या कपाटाकडे बघायला लागली, तेव्हा चिऊला राहवेना.

चिऊ म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. या गावात नोकरी लागल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती आत्याकडेच राहत होती. कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती चित्रं काढायची.

"आत्या, आम्हाला गेम तपासायला एक माणूस हवंय," एका संध्याकाळी ती म्हणाली. "असं माणूस, ज्याने जन्मात एकही गेम खेळलेला नाही."

"मग गाढव बांधा तिथे."

"गाढवाला अहवाल लिहिता येत नाही ना."

अहवाल म्हटल्यावर आत्याने मान वर केली. एकतीस वर्षं तिने दुसरं केलं काय होतं?

कंपनी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खोल्या दोन, माणसं सहा. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचे कप हळूहळू कडेला सरकायचे, आणि नव्या माणसाला पहिली शिकवण हीच मिळायची की कप आत ठेव. तिथला कर्ताधर्ता, ज्याच्या डोक्यातून हा गेम निघाला होता, त्याला सगळे सरदार म्हणायचे, कारण खेळायला बसला की तो फक्त चढाई करायचा. मागे वळून बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या खोलीत गणित्या बसायचा. खेळाचे नियम कॉम्प्युटरला समजतील असे लिहिणं हे त्याचं काम. तो कमी बोलायचा, आणि बोलला तर आकड्यांत.

गेम तसा सोपा होता. सहा कोनांच्या घरांचा नकाशा. एकदा तुझी खेळी, एकदा माझी. विचार करायला हवा तेवढा वेळ. शहरं वसवायची, रस्ते बांधायचे, सैन्याच्या तुकड्या उभ्या करायच्या आणि समोरच्याची राजधानी घ्यायची.

"म्हणजे बुद्धिबळच की," आत्या म्हणाली.

"बुद्धिबळात शेती नसते," सरदार जरा दुखावून म्हणाला.

पहिल्या महिन्यात आत्याने बावीस चुका काढल्या. डेपोतली भाषा काही सुटली नव्हती. 'घोडदळ तलावातून गेले. भिजले नाही. चौकशी व्हावी.' असे तिचे अहवाल यायचे, आणि गणित्या ते मोठ्याने वाचून दाखवायचा. महिनाभरात तीही कार्यालयाची आत्या झाली. सरदारसुद्धा तिला आत्या म्हणायला लागला.

मग किल्ल्याचा प्रश्न निघाला.

गेम बाजारात जायला तीन आठवडे उरले होते आणि जे जड वाटेल ते काढून टाकायचं ठरलं होतं. गणित्याने आकडे मांडले. सरावाचे सहाशे चाळीस डाव झाले होते, आणि ज्याने किल्ला बांधला तो दहापैकी सात वेळा हरला होता.

"किल्ला बांधायला चार खेळ्या लागतात," सरदार म्हणाला. "चार खेळ्यांत मी दोन शहरं घेतो. दगडात जीव अडकवायचा कशाला? काढून टाकू."

सगळ्यांनी चिऊकडे बघायचं टाळलं. कारण किल्ले चिऊने काढले होते. डोंगरावरचा वेगळा, नदीकाठचा वेगळा, मैदानातला वेगळा. पाया खणलेला, अर्धा बांधलेला, पुरा झालेला, पडून गवत उगवलेला. या एका कामात तिचे सात महिने गेले होते.

सरदार तसा वाईट माणूस नव्हता. तो आत्याकडे वळला. "आत्या, तुम्ही दहा दिवस फक्त किल्ले बांधून खेळा. उपयोग असला तर तसं लिहा, नसला तर तसं."

जिन्यात चिऊने आत्याला गाठलं. "माझ्याकडे बघून काही लिहू नकोस हं."

"ब्रेक नीट नसलेल्या गाडीला मी कधी बरी म्हटलंय?"

"तेच म्हणतेय मी," चिऊ म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

दहा दिवस आत्या नेटाने खेळली. तिने राजधानीभोवती किल्ले बांधले. एक बांधला, दोन बांधले, एका डावात तर पाच बांधून राजधानी अगदी डब्यात ठेवल्यासारखी बंद करून टाकली. शत्रू त्यांच्याकडे फिरकलाच नाही. तो वळसा घालून गेला, बाकीची सगळी शहरं एकेक करून घेतली आणि शेवटी सवडीने राजधानीकडे आला. तोवर किल्ल्यात बसलेल्यांच्या पाठीशी काहीच उरलं नव्हतं. आठ डाव खेळून आत्या आठही हरली. दहाव्या दिवशी तिने कोरा कागद पुढे घेतला, बराच वेळ पेन हातात धरून बसली आणि लिहिलं, 'किल्ल्याचा उपयोग आढळला नाही. काढावा.' खाली सही केली.

चिऊने तो कागद वाचला. "बरोबर लिहिलंयस," एवढंच म्हणाली.

घरी मात्र अबोला नव्हे, पण अबोल्याची धाकटी बहीण येऊन बसली. 'मीठ दे', 'किल्ली घेतलीस का', यापलीकडे बोलणं जाईना. भांडी नेहमीपेक्षा जरा जास्त आवाज करत घासली जात होती. चौथ्या दिवशी आत्याच्या लक्षात आलं की चिऊ दुसरीकडे अर्ज करतेय. तिच्या आईवडिलांच्या गावी एक जाहिरातींची चित्रं काढायची नोकरी होती. भावाला तर केव्हापासून हेच हवं होतं, की मुलीने घरी परत यावं.

"रागावलीयस?" आत्याने विचारलं.

"नाही गं." चिऊ खिडकीशी उभी होती. "तू खोटं लिहिलं असतंस तर रागावले असते. पण सात महिने मी जे काढत बसले त्याचा कुणालाच उपयोग नव्हता, आणि हे कळायलाही सातच महिने लागले. आधी नसतं का कळलं?"

सही करून आत्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या रात्री वाटलं.

सोमवारी तिच्याकडे रस्ते तपासायचं काम आलं. त्यासाठी गणित्याने एक जुना, अर्धवट सोडलेला डाव उघडून दिला होता. आत्याचे मजूर दूर डोंगरात रस्ता बांधत होते, सोबतीला तिरंदाजांची एक तुकडी. त्यांच्यावर शत्रूचा छापा पडला. मजूर निसटले, तिरंदाजांचं बळ दहावरून तीनवर आलं. घर लांब होतं. जवळच खिंडीत कुणीतरी पूर्वी बांधून सोडलेला एक किल्ला होता. आत्याने तुकडी त्यात नेऊन ठेवली. हेतू काहीच नव्हता, नुसतं लपायला.

पुढच्या खेळीला तिरंदाजांचं बळ सात झालं होतं.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सात. आणखी एक खेळी, आणि दहा. तिने तो डाव मागे नेला, तुकडी उघड्यावर ठेवून बघितली. तिनाचे चार झाले, चाराचे पाच. मग पुन्हा किल्ल्यात ठेवली. तिनाचे सात.

ती उठली आणि गणित्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "किल्ल्यात माणसं लवकर बरी कशी होतात?"

"होत नाहीत."

"होतात. उठ आणि बघ."

गणित्याने उठून बघितलं. मग परत येऊन नियम चाळत बसला. बऱ्याच वेळाने त्याने कान खाजवला. "पहिल्या वर्षी मी किल्ल्याला शहरासारखंच धरलं होतं. शहरात जखमी तुकडी लवकर सावरते, म्हणून किल्ल्यातही. मीच लिहिलंय. विसरलो."

"आणि इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"सगळे किल्ला शहराला चिकटूनच बांधतात. जखमी झाले की शहरातच जातात. कळणार कसं?"

आत्या आपल्या खुर्चीवर येऊन बसली, पण तिचं मन तिथे नव्हतं. डेपोतला सर्वांत लांबचा रूट तिला आठवला. वाटेत गाडी बंद पडली की ती ओढून डेपोत आणायची, तेवढ्यात तिच्या तीन फेऱ्या बुडायच्या. आत्याने साहेबांच्या मागे लागून लागून मध्यावर एक पत्र्याची शेड मिळवली होती. एक फिटर, थोडं सामान, बस्स. पहिल्या वर्षी सगळे हसले होते, 'बाईंनी रानात डेपो काढला' म्हणून. दुसऱ्या वर्षी बुडणाऱ्या फेऱ्या निम्म्यावर आल्या, तेव्हा हसणं थांबलं होतं. शेड गाड्यांना लपवायला नव्हती. गाडी जिथे मोडते, तिथून तिला जवळ पडावी म्हणून होती. आणि इथे आठ डाव ती किल्ले घराच्या दारात बांधत बसली होती!

ती तडक सरदारकडे गेली. "माझा अहवाल चुकलाय. परत द्या."

"आत्या, शुक्रवारी सगळं गोठवायचंय. त्यानंतर एक अक्षर बदलता येणार नाही."

"आज सोमवार आहे."

सरदारने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? चिऊसाठी करताय का? ती जातेय हे मलाही कळलंय. मलाही वाईट वाटतंय."

आत्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "चिऊसाठी करायचं असतं तर पहिल्याच कागदावर केलं असतं. मी किल्ला बांधला, पण चुकीच्या जागी बांधला. दोष किल्ल्याच्या माथी मारून मोकळी झाले. तुझा विश्वास नसेल तर खेळ माझ्याशी. गुरुवारी. सगळ्यांसमोर."

आत्याचं अहो-जाहो कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

गुरुवारी सकाळी दहाला डाव सुरू झाला. दोघं समोरासमोर दोन कॉम्प्युटरांवर आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळा नकाशा. आत्याने वही उघडून शेजारी ठेवली होती. चिऊ कोपऱ्यात दुसरंच काहीतरी रंगवत बसली होती. निदान तसं दाखवत होती.

सरदारने नेहमीप्रमाणे पंधरा खेळ्यांत चार शहरं वसवून चढाईची तयारी केली. आत्याने राजधानी जवळजवळ उघडी टाकली आणि मजूर थेट डोंगरात नेले. सरदारच्या हद्दीपासून तीन घरांवर, खिंडीच्या तोंडाशी, तिने पायाचे दगड टाकले.

"आत्या, माझ्या अंगणात घर बांधताय," सरदार हसला.

"शेजार चांगला आहे."

चढाई झाली. सरदारचं सैन्य मोठं होतं. आत्याच्या तुकड्या मार खाऊन मागे हटल्या. पण मागे म्हणजे किती? दोन घरं. किल्ल्यात शिरल्या, दोन खेळ्यांत ताज्या होऊन पुन्हा बाहेर. सरदारच्या जखमींना मात्र नऊ घरं चालत आपल्या शहरात जावं लागत होतं. जायला चार खेळ्या, बरं व्हायला दोन, यायला चार. चाळिसाव्या खेळीपर्यंत त्याचं अर्धं सैन्य लढण्याऐवजी रस्त्यावरच चालत होतं.

"या तिरंदाजांना मी तीन वेळा मारलंय!" तो वैतागून म्हणाला.

"मारलं नाहीस. जखमी केलंस. त्यात फरक आहे."

जेवणाची सुट्टी झाली. डबे पडद्यासमोरच उघडले गेले. खालच्या छापखान्यातला एक मशीनवालाही कागद द्यायला म्हणून वर आला, तो हात पुसत उभाच राहिला.

दुपारी सरदारने डोकं चालवलं. किल्ला सोडून तो दक्षिणेकडून वळसा घालून थेट राजधानीकडे निघाला, आत्याला शत्रूने आठ डाव ज्या वाटेने हरवलं होतं त्याच वाटेने. यावेळी मात्र किल्ला त्याच्या पाठीशी राहिला. आतल्या तुकड्या बाहेर पडल्या आणि त्याच्या परतीच्या रस्त्यावर बसल्या. पुढे गेलेल्यांना मागून कुमक येईना, जखमींना घर गाठता येईना. आत्याचं एक शहर पडलं, पण राजधानीच्या वेशीपाशी पोचलेल्या सैन्यात लढायचं बळच उरलं नव्हतं.

सरदारने नकाशा मागेपुढे सरकवून पाहिला. कपाळावर आठ्या, ओठ मिटलेले. मग एकसष्टाव्या खेळीला त्याने आपले मजूर पुढे आणले, नदीच्या वळणावर नेले आणि थांबवले. भिंतीवरच्या पडद्यावर चार खांब उभे राहिले. त्यांना दोर बांधलेले.

"सरदार," गणित्या हळूच म्हणाला, "काय करतोयस तू?"

"गप."

"किल्ला बांधतोयस?"

"गप म्हटलं ना!"

खोलीत हशा पिकला. आत्या हसली नाही. ती वहीत काहीतरी लिहीत होती, कारण पुढची खेळी तिची होती आणि आता तिची खरी पंचाईत होणार होती. कोपऱ्यातली चिऊ मात्र उभी राहिली. सरदार आपला किल्ला जवळ आणून बघत होता. खणलेली माती, बांबूची परांची, दगड वर चढवणारा रहाट. असं जवळून त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. घाईत असलेला माणूस कशाला बघतोय?

"हे दोरखंड केव्हा काढलेस?" त्याने मान न वळवता विचारलं.

"चौथ्या महिन्यात," चिऊ म्हणाली. "तीनदा पुसून काढलेत. आधी ते ओझं पेलतील असे वाटत नव्हते."

"आता वाटतात," सरदार म्हणाला.

नदीवरच्या त्या किल्ल्याने डाव फिरला. त्याच्या जखमींना घर जवळ आलं. आत्याने खिंड सोडली नाही, पण दोन्हीकडे लढायला तिच्याकडे माणसं पुरेनात. संध्याकाळी साडेपाचला, सत्त्याण्णवाव्या खेळीला, तिची राजधानी पडली. खिंडीतला किल्ला शेवटपर्यंत तिचाच होता.

"हरले," म्हणून आत्याने चष्मा काढला. तिला वाईट वाटलं, लपवण्यात अर्थ नव्हता. जिंकायचं तिने मनापासून ठरवलं होतं.

सरदारने खुर्चीत मान मागे टाकली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "गणित्या, माझे डाव किती खेळ्यांत संपतात?"

"सरासरी अडतीस."

"आज सत्त्याण्णव. आणि वर्षभरात मला असा घाम फुटला नव्हता." तो उठून आत्याच्या टेबलापाशी आला. "आत्या, तुम्ही हरलात ते माझ्यामुळे नाही. मी किल्ला बांधला म्हणून हरलात. आता मी तो कुठल्या तोंडाने काढू?"

"मग अहवाल?"

"नवा लिहा. आज लिहा."

आत्याने लिहिला. पहिल्यांदाच तिचा अहवाल दोन ओळींचा न होता दीड पान झाला. किल्ला शहराला चिकटवू नये. जिथे माणूस थकेल तिथे बांधावा. चार खेळ्या जास्त होतात, तीन कराव्यात. आणि किल्ल्यात तुकडी लवकर सावरते हे खेळणाऱ्याला स्पष्ट सांगावं, कारण लपवून ठेवलेली सोय ही सोय नव्हेच. शुक्रवारी दुपारी गणित्याने त्यातले बदल केले आणि मग सगळं गोठवलं.

पुढच्या पंधरवड्यात बाहेरच्या लोकांनी खेळलेल्या दोनशे डावांचा हिशेब त्याने मांडला. किल्ला बांधणारे निम्मे जिंकले, निम्मे हरले.

"निम्मेच?" आत्याचा चेहरा उतरला.

"निम्मे म्हणजे उत्तम," गणित्या म्हणाला, आणि त्याच्या मानाने लांबलचक बोलला. "दहापैकी दहा जिंकले असते तर सगळ्यांनी डोळे मिटून बांधला असता. आता कुठे बांधायचा याचा विचार करावा लागेल."

त्या संध्याकाळी आत्या आणि चिऊ चालत घरी निघाल्या. दोघींच्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या. कोपऱ्यावरचा दिवा लागायला अजून अवकाश होता. चिऊ म्हणाली, "त्या लोकांना मी नकार कळवला. जाहिरातींवाल्यांना."

आत्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्यामुळे नाही ना?"

"तुझ्यामुळे कशाला? तू तर काढावा म्हणून सही केली होतीस!"

आत्याला हसू आवरेना. हसता हसता पिशवीतले दोन टोमॅटो रस्त्यावर घरंगळले, ते उचलायला दोघी एकदमच वाकल्या.

"सरदारने बंदरांचं काम दिलंय," चिऊ टोमॅटो पुसत म्हणाली. "म्हणाला, आधी माझ्याशी बोल, बंदर लागतं कशाला ते ठरवू, मग काढ. असं आजवर कधी म्हणाला नव्हता."

"आणि तुझ्या बापाला सांगितलंस का, की येत नाहीयेस म्हणून?"

चिऊचं हसू जरा ओसरलं. "उद्या सांगते."

"आत्ता सांग. दे ती पिशवी इकडे."

"बाबा रागावतील गं."

"रागावू दे. धाकटा भाऊ आहे माझा, लहानपणापासून बघतेय. राग दहा मिनिटं टिकतो, मग विचारतो, जेवलीस का?"

चिऊने आपली पिशवी आत्याच्या हातात दिली, रस्त्याच्या कडेला एका ओट्यावर बसली आणि फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती. आत्या तिच्याशेजारी उभी राहिली, पिशव्या खाली न ठेवता.

"हॅलो बाबा," चिऊ म्हणाली, "मी बोलतेय. हो, बरी आहे. जेवायचंय अजून. ऐका ना, एक सांगायचंय."